फौजदारी दफ्तरातला एक शालेय विषय

१९२८ च्या जानेवारीत कुलाब्यापासून बोरीवलीपर्यंतच्या लोहमार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि भातखाचरे, ताडमाड व टेकड्या यांच्यामध्ये निवांत पडलेले आमचे हे गाव मुंबई शहराशी जे एकदा जोडले गेले ते कायमचे. त्याआधी सहा महिने, म्हणजे १९२७ च्या १५ जुलैला, त्याच शहरात ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे एक लहानसे मासिक निघाले होते. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु विजेची गाडी बोरीवलीत येऊन जवळजवळ शतक होत आले असता त्या मासिकाचा लैंगिक शिक्षणाचा विषय मात्र इथल्या शाळेच्या फाटकाशी अद्याप घुटमळतो आहे, आणि तो तसा का घुटमळावा, याची कैफियत लिहायला बसले की लिहिणाऱ्याला शिक्षण खात्याच्या दफ्तरात फारसे काही सापडत नाही. त्याला फौजदारी दफ्तर उघडावे लागते.

लैंगिक शिक्षणासंबंधी महाराष्ट्राचा कायदा कोणता, असा प्रश्न एखाद्या सरळमार्गी पालकाने केला तर त्याला द्यायला उत्तर नाही. राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाचा कायदा १९६५ चा आहे आणि मंडळाने अभ्यासक्रम ठरवावेत, परीक्षा घ्याव्यात, प्रमाणपत्रे द्यावीत, हे त्यात यथासांग नमूद आहे. देहाचे ज्ञान विद्यार्थ्याला द्यावे अथवा देऊ नये, याविषयी त्यात अवाक्षर नाही. स्वीडनने १९५५ साली हा विषय शाळांतून सक्तीचा केला; अमेरिकेत काही राज्यांनी तो द्यावा असे कायदे केले, काहींनी तो कसा देऊ नये याचे केले; आपल्याकडे यांपैकी एकही घडले नाही. मात्र कायद्याला मुलांच्या देहाचे वावडे होते असे कोणी समजू नये. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ पासून चालविलेल्या चळवळीची परिणती होऊन १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवयाचा कायदा संमत झाला व मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले, तेव्हा त्या एका कायद्यावरून सारा महाराष्ट्र दुभंगला. डॉक्टर भांडारकर आणि आगरकर सुधारणेच्या बाजूला उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या गृहव्यवस्थेत हात घालू नये म्हणून टिळकांनी रान उठविले. त्या वादात मुलीच्या वयाचा, धर्मशास्त्राचा आणि सरकारच्या अधिकाराचा किस पाडला गेला. जिच्याविषयी हा वाद चालला होता तिला आपल्या देहाविषयी काही सांगावे का, हा प्रश्न त्या धुमश्चक्रीत कोणी प्रामुख्याने मांडल्याचे दिसत नाही. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचा सारा इतिहास मला या एका वगळण्यात दिसतो.

वगळलेला तो प्रश्न ज्याने हट्टाने उचलून धरला तो मनुष्य गणिताचा प्राध्यापक होता, हे मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ पुत्र. जन्म १८८२ चा; १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले; पुढे पॅरिसला जाऊन गणिताचे उच्च अध्ययन करून आलेले. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपला दवाखाना उघडला त्याच वर्षी, कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२३ साली त्या विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला, आणि १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरीवर पाणी सोडले. कारण मिशनऱ्यांच्या त्या संस्थेला हा उद्योग आणि ही प्राध्यापकी एकत्र नांदणे मानवेना. नोकरी गेल्यावर मनुष्य साधारणतः नमते घेतो. कर्व्यांनी मासिक काढले. पत्नी मालतीबाई या संसारात आणि या व्यवहारातही त्यांच्या बरोबरीच्या भागीदार होत्या. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे रेखाचित्र आणि आत गुप्तरोग, संततिनियमन, आहार, वेश्याव्यवसाय, विवाह यांविषयीचे रोखठोक लेखन, असा तो अंक सव्वीस वर्षे, बहुधा तोट्यातच, अखंड निघत राहिला. वाचक पत्रे लिहून जे प्रश्न विचारीत ते त्या काळी आईबापाला, गुरुजींना वा वैद्यालाही विचारण्याची सोय नव्हती. कर्वे त्यांना उत्तरे देत, आणि ती देताना प्रश्नकर्त्याची टर उडवीत नसत अथवा त्याला पापाचे भयही घालीत नसत.

सरकारने मासिकरूपी या शाळेची दखल भारतीय दंडसंहितेच्या अश्लीलतेसंबंधीच्या कलम २९२ अन्वये घेतली. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल खटला झाला व शंभर रुपये दंड बसला. १९३४ साली पुन्हा अटक झाली. या खेपेस आक्षेप होता तो मासिकाच्या गुजराती अंकातील वाचकांच्या प्रश्नांना, त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. बचावाला बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर उभे राहिले. ज्याअर्थी मासिकाचा विषयच लैंगिक स्वास्थ्य हा आहे आणि वाचक त्याविषयी प्रश्न विचारतो आहे, त्याअर्थी त्याला उत्तर मिळालेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. खटला गेला, दंड दोनशे रुपये झाला. गोलमेज परिषदा गाजवून आलेल्या या नेत्याने, ज्या प्रकरणात लोकप्रियता मिळण्याऐवजी असलेली गमावण्याचाच संभव अधिक होता, असे प्रकरण हाती घ्यावे, याचे मोल बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी पुरेसे केले आहे असे मला वाटत नाही.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे एक समांतर खटला चालून गेला होता. मेरी वेअर डेनेट या अमेरिकन बाईंनी आपल्या मुलांना समजावे म्हणून देहधर्मावर एक पुस्तिका लिहिली; ती टपालातून पाठविल्याबद्दल १९२९ साली अश्लीलतेच्या कायद्याखाली त्यांना तीनशे डॉलर दंड झाला; आणि १९३० साली वरिष्ठ न्यायालयाने, गांभीर्याने व शुद्ध हेतूने दिलेली देहविषयक माहिती अश्लील ठरत नाही, असा निवाडा देऊन तो रद्द केला. डेनेटबाई सुटल्या आणि पुढच्याच वर्षी कर्व्यांना शिक्षा झाली, हा भेद केवळ न्यायाधीशांच्या स्वभावाचा मानता येणार नाही. आपल्या कलम २९२ ला त्या काळी अपवाद होता तो धार्मिक उपयोगासाठी ठेवलेल्या ग्रंथांना व चित्रांना आणि देवळांवर अथवा रथांवर कोरलेल्या आकृतींना. विज्ञान, वाङ्मय, कला वा विद्या यांच्या हितार्थ केलेल्या लेखनाला अपवाद मिळाला तो १९६९ च्या दुरुस्तीने, आणि तोवर कर्व्यांना जाऊन सोळा वर्षे होऊन गेली होती. म्हणजे धर्माच्या नावाने कोरलेले मिथुन निर्दोष आणि शास्त्राच्या नावाने छापलेले उत्तर सदोष, अशी ही व्यवस्था होती.

संस्कृतीचा हवाला या प्रकरणात वारंवार दिला जातो म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. या वादात खजुराहोचा दाखला देऊन देऊन पार झिजून गेला आहे. बोरीवलीकराला तेवढे दूर जाण्याचे कारणच नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या रस्त्याने कान्हेरीला जावे. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दात्या दांपत्यांची पूर्णाकृती शिल्पे आहेत, सातवाहन काळातली, अल्पवस्त्र, परस्परांच्या खांद्यावर हात टाकून प्रसन्नपणे उभी राहिलेली. उपनगरातल्या किती तरी शाळांच्या सहली हिवाळ्यात तेथून जाऊन येतात आणि त्या भिंतीमुळे एखादे मूल बिघडल्याची तक्रार माझ्या तरी कानी आलेली नाही. यावरून प्राचीन काळी सारे आलबेल होते असा निष्कर्ष मी काढीत नाही; एवढेच म्हणतो की ‘आमची संस्कृती’ म्हणून जी पुढे केली जाते ती बहुधा आमच्या आजोबांची भीड असते.

कर्वे १९५३ च्या ऑक्टोबरात वारले. त्याच्या आदल्याच वर्षी पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजन हे भारत सरकारचे अधिकृत धोरण झाले होते आणि ज्या संस्थेने मुंबईत १९४९ साली धन्वंती रामराव, आवाबाई वाडिया आदींच्या नेतृत्वाखाली हे कार्य हाती घेतले त्या कुटुंबनियोजन संघाने १९५२ साली याच शहरात आंतरराष्ट्रीय परिषद भरविली होती. ज्या शब्दांपायी एका प्राध्यापकाची नोकरी गेली, ते शब्द आता सरकारी फलकांवर विराजमान झाले. १९५७ च्या १ फेब्रुवारीला बोरीवली बृहन्मुंबईत सामील झाली. पाठोपाठ वस्ती वाढली, चाळी उठल्या, सोसायट्या उभ्या राहिल्या आणि कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. साठीच्या दशकाच्या अखेरीस महापालिकेच्या डॉक्टर डी. एन. पै यांनी मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरच नसबंदीची केंद्रे उघडली. घाईत असलेल्या चाकरमान्याने लोकल पकडण्याच्या वाटेवर वंशवृद्धीचा निकाल लावून जावा, ही त्यामागची कल्पना. १९७६ साली तर कमालच झाली. आणीबाणीच्या त्या वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाच्या आकारावर निर्बंध घालणारे व तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मान्यता न मिळाल्यामुळे ते कायद्यात उतरले नाही, हे आपले नशीब. पण हे ध्यानात असू द्यावे की ज्या सभागृहाला प्रौढ नागरिकाच्या देहावर शस्त्र चालविण्याचा हुकूम देताना संकोच वाटला नाही, त्याच सभागृहाला पुढे एकतीस वर्षांनी चौदा वर्षांच्या मुलाला देहाची आकृती दाखविण्याचा संकोच वाटायचा होता.

शाळेत या काळात काय चालले होते? ‘लोकसंख्या शिक्षण’ नावाचा एक विषय १९८० च्या राष्ट्रीय प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांत आणला. त्यात आलेख होते, जन्मदर होता, मृत्युदर होता, अन्नधान्याची टंचाई होती. मूल जन्माला कसे येते हे मात्र त्यात कोणी शोधू नये. मुले जास्त झाली तर देशाचे काय होते हे माझ्या पिढीने परीक्षेत पाच गुणांसाठी पाठ केले. बाकीचे शिक्षण फलाटावरच्या पिवळ्या पुस्तकांनी आणि वरच्या इयत्तेतल्या मुलांनी दिले. मुलींची पाळी सुरू होण्याच्या वयात एखादा दिवस ठरे, त्यांना वेगळ्या वर्गात बसवून कोणी बाई काही सांगत, मुलांना मैदानावर पिटाळले जाई, आणि परतलेल्या मुलींच्या दप्तरात काय आहे यावर आठवडाभर कुजबूज चाले. पुढे हे काम पॅड बनविणाऱ्या कंपन्यांनी पाठविलेल्या बायका करू लागल्या. शाळेच्या बाहेर कुटुंबनियोजन संघाने १९७८ साली लैंगिक शिक्षण व समुपदेशनाचे स्वतंत्र केंद्र मुंबईत काढले. डॉक्टर महिंदर वत्स यांच्यासारख्यांनी त्यात हयात घालविली. मराठीत डॉक्टर विठ्ठल प्रभूंचे ‘निरामय कामजीवन’ घरोघर, कपाटातल्या कपड्यांच्या घडीखाली का होईना, पोहोचले. परंतु हे सारे विवाहितांसाठी किंवा विवाहोन्मुखांसाठी होते. वर्गातल्या मुलाकडे पाहायला राज्यसंस्थेला एका महाभयंकर रोगाची निकड लागली.

एड्सच्या साथीने महाराष्ट्राला आणि विशेषतः मुंबईला कसे ग्रासले होते हे नव्याने सांगायला नको. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना झाली, १९९८ साली मुंबईसाठी स्वतंत्र जिल्हा संस्था झाली, आणि २००५ साली केंद्राच्या शिक्षण खात्याने व या संघटनेने मिळून ‘किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम’ देशभरच्या माध्यमिक शाळांसाठी आखला. नववी व अकरावीच्या विद्यार्थ्यांना वर्षाकाठी सोळा तास, प्रशिक्षित शिक्षक, हस्तपुस्तिका आणि चित्रतक्ते, असे त्याचे स्वरूप होते. येथेही कळीचा शब्द रोग हाच होता. मुलाला ज्ञान मिळावे म्हणून नव्हे, तर रोग पसरू नये म्हणून ही व्यवस्था. तरीसुद्धा वर्गाचे दार प्रथमच किलकिले झाले होते, आणि ते तेवढेही पुरते उघडण्यापूर्वी २००७ चा मार्च उजाडला.

त्या महिन्यात मुंबईत भरलेल्या अधिवेशनात हे चित्रतक्ते विधानसभेत येऊन पोहोचले. त्यांत स्त्रीपुरुषांच्या देहांच्या आकृती होत्या. सभागृहातील संतापाला पक्षभेद उरला नाही. सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून हे अश्लील आहे, हे आपल्या मुलांना बिघडवील, असा गदारोळ झाला, आणि शालेय शिक्षणमंत्री वसंत पुरके यांनी हे शिक्षण राज्यातील शाळांतून बंद करीत असल्याचे जाहीर केले. हे बंद करणारे सरकार काही सनातन्यांचे नव्हते. विलासराव देशमुखांचे ते मंत्रिमंडळ ज्या पक्षाच्या नेतृत्वाखाली होते त्याच पक्षाचे अर्जुनसिंह दिल्लीत शिक्षण खाते सांभाळीत होते व हा कार्यक्रम पुढे रेटीत होते. कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आदी राज्यांनीही त्याच वर्षी हीच वाट धरली. ज्या प्रश्नावर पक्ष बदलूनही मत बदलत नाही, तो प्रश्न राजकारणाचा नसून भिडेचा असतो, असे मी समजतो. यात विधेयक आले नाही, चिकित्सा समितीही बसली नाही. तक्ते, गदारोळ आणि घोषणा एवढ्यात एका विषयाचा फडशा पडला. तक्ते खरोखरच सदोष होते काय, वयाला न शोभणारे काही त्यांत होते काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न होता आणि तो शिक्षकांपुढे ठेवता आला असता. चित्र चुकले म्हणून विषयच काढून टाकणे, याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

या घोषणेची शाई वाळते न वाळते तोच, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतील, त्यांत महाराष्ट्रही आले, १२,४४७ मुलांना प्रश्न विचारले गेले होते आणि त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. दोषींपैकी सुमारे निम्मी माणसे मुलांच्या ओळखीची किंवा विश्वासातली होती. म्हणजे विधानसभा ज्या निष्पाप बालपणाच्या रक्षणार्थ उठली होती, त्याच्या निम्म्या भागात आधीच कोणी तरी शिरून आलेले होते, आणि जे घडले त्याला नाव काय द्यावे हेही त्या मुलांना कोणी शिकविलेले नव्हते. हा अहवाल आणि ती बंदी यांचा एकत्र विचार त्या वर्षी व्हायला हवा होता. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रमाद तो आहे, कर्व्यांच्या दंडाहूनही मोठा.

२००९ साली राज्यसभेच्या याचिका समितीने, व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखाली, शाळांत लैंगिक शिक्षणाला स्थान नसावे आणि किशोरवयीन विकासासारखी प्रकरणे जीवशास्त्राच्या पुस्तकात अकरावीपूर्वी येऊ नयेत, अशी शिफारस केली. उलट २०१३ च्या जानेवारीत न्यायमूर्ती वर्मा समितीने, दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या त्या भीषण प्रकरणानंतर, हे शिक्षण शाळांत द्यावे असे बजावले. दोन्ही अहवाल आपापल्या फडताळात आहेत. प्रत्यक्षात वर्गापर्यंत जे पोहोचले ते पुन्हा एका फौजदारी कायद्याच्या वाटेने. २०१२ च्या नोव्हेंबरात बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाचा कायदा, ज्याला सारे ‘पॉक्सो’ म्हणतात, अमलात आला. १८९१ साली बारावर असलेली मर्यादा आता अठरावर आली. आणि त्याच कायद्याच्या कलम ४३ ने या तरतुदींची माहिती जनतेला, पालकांना व खुद्द बालकांना व्हावी म्हणून प्रसार करण्याचे दायित्व केंद्र व राज्य सरकारांवर टाकले. मुलांना काही सांगा, असे सरकारांना फर्मावणारे हे कलम आले ते दंडविधानात. मग मुंबई पोलिसांच्या ‘पोलीस दीदी’ शाळाशाळांत जाऊन चांगला स्पर्श कोणता, वाईट कोणता, हे सांगू लागल्या. त्या भगिनींच्या कामाविषयी मला आदरच आहे. तथापि देहाचा पहिला पाठ मुलांना खाकी गणवेशातल्या बाईंकडून मिळावा आणि तो भयाचा पाठ असावा, हे शिक्षण खात्याला भूषणावह नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर झालेला अत्याचार उघडकीस आला, लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, तेव्हा कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चौकशी, तक्रारपेट्या यांची चर्चा फार झाली व ती आवश्यकही होती. शिकविण्याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

तरीही अभ्यासक्रमात काहीच नाही असे नव्हे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ या प्रकरणाखाली मानवी प्रजननसंस्था, ऋतुचक्र आणि लैंगिक आरोग्य यांचा समावेश आहे. आकृत्याही आहेत, आणि त्यांवरून विधानसभेत कोणी उठल्याचे माझ्या वाचनात नाही. प्रकरण परीक्षेला आहे, गुण आहेत, शिकवणीवर्गाच्या टिपणांत अपेक्षित प्रश्नही आहेत. परंतु ‘हा भाग घरी वाचून या’ हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा दहावीचा विद्यार्थी बोरीवली पूर्वेला वा पश्चिमेला, बाभई-वझिऱ्यापासून मागाठाण्यापर्यंत, मला अजून भेटायचा आहे. यात सारा दोष शिक्षकाचा नाही. पंचेचाळीस-पन्नास मुलामुलींच्या वर्गापुढे उभ्या राहिलेल्या त्या माणसाला कोणी प्रशिक्षण दिले नाही, उद्या एखाद्या पालकाने तक्रार केली तर पाठीशी कोण उभे राहील याची हमी नाही, आणि २००७ ची आठवण अजून जुनी झालेली नाही.

दरम्यान दंडसंहिताच बदलली. २०२४ च्या १ जुलैपासून कलम २९२ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ ने घेतली असून विद्येच्या हितार्थ केलेल्या लेखनाचा अपवाद तीतही कायम आहे. शिक्षकाला भिण्यासारखे कायद्यात आज काही उरलेले नाही. पाठबळ देणारे मात्र अद्याप काही आलेले नाही, आणि ते विधिमंडळातून येईपर्यंत वाट पाहण्याचे पालकांना कारण नाही. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने व्यवस्थापन समिती आवश्यक केली आहे व तिचे तीन चतुर्थांश सभासद पालकच असावेत असा दंडक आहे. इतर शाळांत पालक-शिक्षक संघ आहे. बोरीवलीच्या पालकांना माझी विनंती एवढीच की त्यांनी पुढल्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा प्रश्न लेखी घालावा, दहावीचे ते प्रकरण वर्गात कोणी, केव्हा आणि किती तासांत शिकविले हे विचारावे, आणि शिक्षकाने ते शिकविले म्हणून कोणी तक्रार केली तर समिती शिक्षकाच्या बाजूने उभी राहील, असा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.